भाषेवर बोलू नये

'कथाघर' हा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप रंगनाथ सरांनी काढला. सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, नगरला सावेडीत मुलाकडे राहायला आलेले. माणसं जमवायची हौस पहिल्यापासून होती, आता वेळही होता. जिल्हाभरातली लिहिणारी-वाचणारी मंडळी त्यांनी ओळखी काढून काढून गोळा केली आणि एक नेम घालून दिला. शुक्रवारी संध्याकाळी एकाने कथा टाकायची, रविवारपर्यंत बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा.

अभिप्राय म्हणजे बहुतेक वेळा अंगठे, फुलं आणि जोडलेले हात. "अप्रतिम." "डोळे पाणावले." "शब्दच नाहीत." ज्याने कथा वाचलेलीच नसे तो टाळ्यांचं चित्र टाकून मोकळा होई. अशा त्या गोड कारभारात उझ्माचा अभिप्राय आला की मात्र लोक थबकायचे. "नायिका दुसऱ्या परिच्छेदात विधवा आहे आणि शेवटाकडे तिचा नवरा बाजारातून मेथी आणतो," असं ती लिहायची. त्यावर हसावं की घाबरावं हे कोणाला कळत नसे. पण कथा टाकणारा प्रत्येक जण मनातून तिच्याच अभिप्रायाची वाट बघायचा.

उझ्मा शेख नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होती. मशीनवरून उतरलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं, हे तिचं काम. कथाही ती तशीच वाचायची. बोट कुठे अडतंय ते बघायची आणि तिथे खूण करायची. तिचा नवरा उझैर बॅटरीचं दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "तू कथेला पण लाल टॅग लावून येतेस." ती म्हणायची, "लावला नाही तर गाडी रस्त्यात बंद पडते."

भाषेच्या बाबतीत ती फारच कडक होती, आणि त्याला कारण होतं. शाळेत मराठीत ती कायम पहिली यायची. बाई सगळ्या वर्गाला सांगायच्या, "बघा, शेखांची मुलगी तुमच्यापेक्षा शुद्ध बोलते." त्यात कौतुक होतं, आणि कौतुकाच्या आत काहीतरी टोचणारंही होतं. तिला फार लवकर कळलं की दुसऱ्या मुलीने 'मी गेली' म्हटलं तर ती नुसती चूक ठरते, पण आपण म्हटलं तर 'यांचं असंच असतं' असं म्हणतात. म्हणून तिने चूक करणंच बंद केलं. घरात दखनी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पुस्तकातली मराठी. ग्रुपवर तिने पहिली कथा टाकली तेव्हा अभिप्राय आले ते सगळे एकाच गोष्टीवर. "तुमचं मराठी किती सुंदर आहे हो." कथेत काय होतं, ते कोणी बोललं नाही.

मार्च महिन्यात ग्रुपवर चांगुणाबाई आल्या. सरांनी ओळख करून दिली. चांगुणाबाई साळवे, श्रीरामपूर, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त, वाचनाची जबर आवड. त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. सगळ्यांच्या कथा वाचायच्या आणि खाली "वाचली" एवढंच लिहायच्या. मग एका शुक्रवारी त्यांचीच कथा आली.

उझ्माने ती कंपनीच्या बसमध्ये, संध्याकाळी घरी परतताना उघडली. पहिलंच वाक्य होतं :

"थोरलीच्या लग्नाच्या आदी आमच्या घरात चपला दोन हुत्या आन् पाय चार."

गोष्ट दोन बहिणींची. दोघींत एक चपलेचा जोड, थोरलीला घट्ट आणि धाकटीला ढगळ. एकीने लग्नाला जायचं, दुसरीने बाजाराला, अशा पाळ्या लावून घातलेला. मग एक दिवस असा येतो की थोरलीला बघायला पाहुणे येणार असतात आणि त्याच दिवशी धाकटीची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, शेजारच्या गावाला, उन्हातान्हात चालत जाऊन. पाळी थोरलीची असते. थोरली चपला धाकटीच्या पायाशी सारते आणि काही न बोलता आत जाते. पाहुणे तिला चालून दाखवायला सांगतात. अनवाणी, भेगाळलेल्या पायांनी ती चालून दाखवते. पाहुणे पोहे खाऊन उठतात, निरोप काही येत नाही. कथेचा शेवट असा होता :

"मी परत आले तवा पावनी गेलती. थोरली भांडी घाशीत हुती. म्हनली, चपला उन्हात ठिऊ नको, वाकड्या हुत्यात. येवढंच म्हनली."

उझ्माने फोन मांडीवर ठेवला. बस पत्रकार चौकातल्या गर्दीत अडकली होती. खिडकीबाहेर कोणी हॉर्न वाजवत होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. शेवटचं वाक्य तिने परत वाचलं. मग घरी जाऊन, चहा घेऊन, सवयीप्रमाणे टेबलाशी बसून अभिप्राय लिहायला घेतला.

आणि तिथे तिचा हात नेहमीच्या वळणाने गेला. कथा हृद्य आहे, असं तिने एका ओळीत लिहिलं. त्यापुढे मोठा मजकूर. निवेदन प्रमाण भाषेत असावं, बोली फक्त संवादापुरती ठेवावी, नाहीतर वाचक दमतो. 'हुत्या', 'आन्', 'तवा' सगळीकडे दुरुस्त करावं. पहिलं वाक्य चटपटीत आहे पण विषयाच्या गांभीर्याला शोभत नाही. शेवट अचानक तुटतो. थोरलीने जे केलं त्याचा धाकटीच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, ते यायला हवं.

यातलं एकही वाक्य तिने खोटं लिहिलं नव्हतं. हे सगळे नियम तिने कुठे ना कुठे वाचलेले होते आणि ते पाळून स्वतःचं लेखन उभं केलं होतं.

उझ्माने दार उघडल्यावर बाकीचेही आत आले. पारनेरचे भिमाजी औटी, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी चपलेचं प्रतीक आणखी स्पष्ट करायला सांगितलं. कोणी म्हणालं थोरलीचं पुढे चांगल्या घरी लग्न झालेलं दाखवा, वाचकाला आशा हवी. चांगुणाबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे करते."

आणि त्यांनी खरंच केलं. पंधरवड्याने दुसरा खर्डा आला, त्यावर पुन्हा सूचना. मग तिसरा. तिसऱ्याची सुरुवात होती, "आम्हा दोघी भगिनींमध्ये पादत्राणांचा एकच जोड होता." आणि शेवट, "ताईच्या त्या मूक त्यागाने माझ्या जीवनाला नवी दिशा लाभली. आजही तिच्या अनवाणी पावलांपुढे माझे मस्तक नत होते."

ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. सरांनी लिहिलं की कथाघर काढल्याचं चीज झालं. नगरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांपर्यंत सरांनी ती कथा पोचवली आणि त्यांनी ती घ्यायचं कबूल केलं. चांगुणाबाईंनी सगळ्यांदेखत आभार मानले : "उझ्मा मॅडम यांनी हाताला धरून लिहायला शिकवले."

हे वाचून उझ्माला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं, घराचं कुलूप लावलं की नाही ते आठवत नसलं की वाटतं तसं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी उझैर अंगणात गाडी पुसत होता. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "दो कहानियाँ पढ़ती. सुनेगा?" तो कथा-बिथा वाचणारा माणूस नव्हता, पण ऐकायला ना नव्हती. तिने पहिला खर्डा वाचला. 'चपला दोन आन् पाय चार' ला तो हसला. पुढे पुसायचा थांबला, आणि शेवटाला फडकं तसंच हातात धरून उभा राहिला. मग तिने तिसरा वाचला. तो परत गाडी पुसायला लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, "ये बी उनोंनेच लिखे क्या?"

"हाँ."

"अच्छा," तो म्हणाला आणि बादली उचलून पाणी बदलायला गेला.

त्याच आठवड्यात एक दिवस रजा टाकून ती तारकपूर स्टँडवरून श्रीरामपूरच्या एसटीत बसली. चांगुणाबाईंना फोन करून "जरा भेटायचं होतं" एवढंच सांगितलं होतं. राहुरीच्या पुढे उसाचे फड लागले. तिने मनात सगळं जुळवून ठेवलं. चूक माझी होती असं म्हणायचं, अंक छापायला जाण्याआधी पहिला खर्डा परत पाठवायला सांगायचं, संपादकांशी आपणच बोलायचं. चांगुणाबाई खूश होतील असंही तिला वाटत होतं.

चांगुणाबाईंचं घर पाटाच्या कडेला, दोन खोल्यांचं. त्या स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, साडीला कडक इस्त्री. रस्ताभर मागेपुढे न बघता झपाझप चालल्या. घरात बाहेरच्या खोलीत भिंतभर पुस्तकं होती, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. "वाचनालयानं रद्दीत काडली तवा आनली," त्या म्हणाल्या. "फाटकी हुती. चिकटवून घेतली."

चहा झाला. उझ्माने विषय काढला. चांगुणाबाई मन लावून ऐकत होत्या. तिचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंजी पहिली चांगली हुती?"

"खूप चांगली होती, मावशी."

"मंग तवाच का न्हाई म्हनलं?"

उझ्मा म्हणाली, "मला जे नियम माहीत होते ते मी सांगितले. तुमची गोष्ट त्या नियमांत बसणारी नव्हती, हे नंतर लक्षात आलं."

"आन् आता म्हनता उलटं करा."

"तुमचीच भाषा आहे ती. तुमचा आवाज आहे त्यात."

चांगुणाबाईंनी कपबशा उचलून एकात एक ठेवल्या. चिडल्या नव्हत्या, पण आवाज जरा बदलला. "हे बगा, मी सेविका हुते. तालुक्याला मीटिंग आसायची. मी उभी ऱ्हायले आन् 'न्हाई' म्हनलं की मागच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. साहेब पन हसायचे. मी बोलायचंच सोडलं. मुलांचं वजन, उंची, समदं मी लिहून द्यायचे, लिहिताना कोनाला हसू येत न्हवतं. ही पुस्तकं मी तेवढ्यासाठीच वाचली. पादत्राणे शब्द मला ठावा न्हवता का? ठावा हुता. वापरायला कदी मिळाला न्हवता. तुमी म्हनलं प्रमाण भाषेत लिवा, मला वाटलं आता सोय झाली. लई दिवसांनी मजा आली मला लिवताना."

या उत्तराची उझ्माने तयारी केली नव्हती.

"माझी थोरली, लंकाबाई, इथंच बेलापुरात ऱ्हाती," चांगुणाबाई पुढे म्हणाल्या. "पहिली गोष्ट तिला वाचून दाखवली. तिला राग आला. म्हनली, घरातलं भाईर कशाला सांगती, भेगा माझ्या हुत्या, तुज्या न्हाई. उठून आत गेली. मंग ही नवी घिऊन गेले. ऐकताना तिनं पदर नीट केला. मांडी घालून बसली हुती, ती पाय जवळ घिऊन बसली. त्यागाचं वाक्य आलं तवा म्हनली, परत वाच. तिला आजवर कोनी म्हनलं न्हवतं ना तसलं काय. सोयरीक मोडली, येवढंच म्हनायचे."

बाहेरून कुठल्या तरी शाळेची मधल्या सुट्टीची घंटा ऐकू आली.

"तरीपण," उझ्मा म्हणाली, कारण तिलाही आपलं म्हणणं सोडवत नव्हतं, "वाचकाला पहिली लागते, मावशी. दुसरी ऐकून माणूस मान हलवतो आणि विसरतो."

"आसंल," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमचं बरोबर बी आसंल. पन गोष्ट माझी हाय का तुमची?" मग, जरा थांबून, "येक बोलू का? राग येनार न्हाई ना?"

"बोला."

"तुमच्या गोष्टी मी समद्या वाचल्या. भाषा येकदम गुळगुळीत, कुठं काय खुपत न्हाई. पन तुमच्या बायांची नावं नंदिनी, अनघा, मृणाल. त्यांच्या घरी कोनी येत न्हाई, जात न्हाई, त्यांना आईबाप बी नसत्यात. तुमच्यासारखं नाव एकीचं बी न्हाई. का वो?"

उझ्मा म्हणाली, "तशी नावं ठेवली की लोक कथा वाचत नाहीत. नाव वाचतात."

"व्हय," चांगुणाबाई म्हणाल्या. "मंग मलाच का सांगता?"

परतीच्या गाडीत उझ्माला पहिल्यांदा राग आला तो याच वाक्याचा. आपण रजा टाकून, एवढ्या लांब, चांगलं सांगायला गेलो आणि बाई आपल्यालाच शिकवायला निघाल्या. राहुरी येईपर्यंत तिने मनात त्यांना बरीच उत्तरं दिली. नगर जवळ आलं तेव्हा राग ओसरला होता आणि उत्तरंही संपली होती. चांगुणाबाईंनी जे सांगितलं तो एक अभिप्रायच होता, आणि तो मिळाल्यावर आपल्याला नेमकं काय झालं हे तिने पहिल्यांदाच बघितलं. आजवर तिने लिहिलेल्या प्रत्येक अभिप्रायाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असंच कुठल्या तरी खिडकीशी बसलेलं असणार.

नंतरचे काही शुक्रवार ती काहीच लिहू शकली नाही. कथा वाचायची, खुणा दिसायच्या, पण बोट पुढे जायचं नाही. शेवटी रंगनाथ सरांचा फोन आला.

"उझ्मा, बरी आहेस ना? लोक मला विचारतात, त्या बाई रागावल्या का म्हणून."

तिने सगळं सांगितलं. सर बराच वेळ हं, हं करत ऐकत होते. मग म्हणाले, "मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तरपत्रिकेला विचारता येत नाही, बाई, तुला काय म्हणायचं होतं? लाल पेन चालवायचं आणि गठ्ठा बांधायचा. इथे माणूस समोर आहे आणि आपण गठ्ठाच तपासतोय. मी तर त्या तिसऱ्या खर्ड्याला टाळ्या वाजवल्या. पहिला मी नीट वाचलासुद्धा नव्हता, खरं सांगतो."

त्या बोलण्यातून ग्रुपवर एक नवा नेम आला. कथा टाकणाऱ्याने वरती एका ओळीत लिहायचं, मला कशाबद्दल ऐकायचं आहे आणि कशाबद्दल नाही. भिमाजी औटींना हे मुळीच पटलं नाही. "म्हणजे उद्या कोणी स्तुतीच मागितली तर?" असं त्यांनी विचारलं. सरांनी लिहिलं, "तर तसं सांगावं की." दोन-तीन जण ग्रुप सोडून गेले. पोरखेळ चाललाय, असं एकाने जाता जाता लिहिलं. काही लोकांनी ती ओळ मनापासून लिहायला सुरुवात केली, काहींनी नुसतं "अभिप्राय द्यावा" लिहून वेळ मारून नेली. पावसाळ्यात खुद्द भिमाजींची कथा आली, तिच्यावर लिहिलं होतं, "या वेळी फक्त कौतुक करावे. माझी बायपास झाली आहे." सगळ्यांनी भरभरून केलं. उझ्मानेही केलं, आणि त्यात कौतुकासारखं काय आहे ते शोधायला तिला कथा दोनदा वाचावी लागली. सापडलं. एका म्हाताऱ्याचं दाढी करतानाचं वर्णन होतं, ते तिला एरवी दिसलंच नसतं.

दिवाळी अंक निघाला. पादत्राणांची कथा त्यात फोटोसकट आली. चांगुणाबाईंनी पानाचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि पाठोपाठ आणखी एक, त्यात लंकाबाई अंक हातात धरून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. उझ्माने अभिनंदन लिहिलं ते मनापासून लिहिलं. कथा मात्र तिला अजूनही पहिलीच आवडत होती. हे तिने लिहिलं नाही, कारण ते आता चांगुणाबाईंना माहीत होतं.

दिवाळीनंतर चांगुणाबाईंची दुसरी कथा आली. वर ओळ होती, "भाषेवर बोलू नये. बाकी काय पण बोला." कथा अंगणवाडीत रोज दुसऱ्याच्या मुलाला घेऊन येणाऱ्या एका बाईची होती. भाषा विचित्र होती. एका वाक्यात 'वात्सल्य' आणि पुढच्यात 'आन्', कुठे 'नेत्र', कुठे 'डोळं'. कुठल्याच नियमात बसणारी नव्हती. उझ्माला दोन ठिकाणी हात शिवशिवला, पण तिने तो आवरला. तिने एवढंच विचारलं, "ते मूल नेमकं कोणाचं, हे तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही की राहून गेलं?" संध्याकाळी उत्तर आलं, "राहून गेलं. बरं झालं विचारलं. आता मलाच ठरवावं लागेल."

त्या हिवाळ्यात उझ्माने स्वतः एक कथा लिहिली. सुरुवातीला मुलीचं नाव नेहमीप्रमाणे मृणाल ठेवलं, मग खोडलं आणि अफ्रीन ठेवलं. उझ्माच्या स्वतःच्या आईची, मुमताजची गोष्ट होती. शाळेत प्रगतिपुस्तकावर पालकाची सही हवी होती. आईला उर्दूत झोकदार सही करता यायची. बाई म्हणाल्या, ही नको, मराठीत करा नाहीतर इंग्रजीत. आईने शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि प्रगतिपुस्तकावर उठवला. वर्गातल्या मुली म्हणाल्या, हिच्या आईला लिहिता येत नाही, आणि मुलीने त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. कथेतली आई दखनीत बोलत होती. उझ्माने वर ओळ लिहिली, "आईची भाषा आहे तशीच राहील. बाकी सगळं सांगा." पाठवायचं बटण दाबल्यावर तिने फोन उलटा करून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसली.

अभिप्राय येत राहिले. कोणी लिहिलं की ओळ वाचूनही सांगतो, हिंदी संवाद मराठीत केले तर बरं. कोणी नुसते जोडलेले हात पाठवले. एकाने लिहिलं की तुमच्या घरातलं पहिल्यांदाच वाचायला मिळालं, आणि त्यावर काय वाटून घ्यावं ते तिला कळेना. चांगुणाबाईंचा अभिप्राय दुसऱ्या दिवशी दुपारी आला, लांबलचक, एका बोटाने टाइप केलेला. शाळेच्या इमारतीचं वर्णन लांबलं आहे, तिथे वाचणारा उठून पाणी प्यायला जाईल. बाई फार दुष्ट झाल्या आहेत, एवढ्या नसतात, मी शिक्षिकांमध्ये वावरले आहे. आणि शेवटी, "अंगठा दिल्यावर मायलेकी घरी चालत आल्या असतील. रस्त्यात आई काय बोलली? ते नाही आलं. तिथंच गोष्ट असेल असं मला वाटतं."

आई काय बोलली, ते उझ्माला आठवत नव्हतं. शाळा आठवत होती, पॅड आठवत होतं, मुलींचे चेहरे आठवत होते. रस्ता कोरा होता. रविवारी ती मुकुंदनगरला माहेरी गेली. मुमताज ओट्याशी मेथी निवडत बसली होती. उझ्मा समोर बसली, दोन काड्या हातात घेतल्या आणि विचारलं.

"मैं क्या बोलती," मुमताज म्हणाली. तिला तो दिवस आठवत होता, पण त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. "कुछ नै बोली. श्याईच निकलती नै थी. तू पूरा रस्ता मेरा अंगूठा पोंछते आयी, फ्रॉक से. फ्रॉक खराब करी तो घर आके मैं चिल्लायी तेरे ऊपर."

"मैं पोंछती थी?"

"छोड़तीच नै थी हाथ."

उझ्मा मेथीची पानं खुडत राहिली. आपण तो अंगठा का पुसत होतो, ते तिला कितीही आठवून सांगता येईना. आईची माया आली म्हणून, की तो निळा डाग घराजवळच्या कुणाला दिसू नये म्हणून. दोन्ही खरं वाटत होतं, आणि एक खरं धरलं की दुसरं नाहीसं होत नव्हतं. तिने आईला विचारलंही. मुमताज म्हणाली, "बच्ची थी तू," आणि देठं पेपरात गुंडाळून उठली.

घरी येऊन तिने शाळेच्या इमारतीचा परिच्छेद काढून टाकला. बाईंचं एक वाक्य मऊ केलं. मग रस्ता लिहिला. अफ्रीन आईचा अंगठा फ्रॉकने पुसत चालली आहे, आई हात सोडवून घेत नाही, आणि घरी पोचल्यावर फ्रॉकवरून ओरडते, आईच्याच शब्दांत. मुलीच्या मनात काय होतं ते लिहायला तिने एक ओळ टाकली, वाचली आणि खोडली. मग तो नवा खर्डा तिने ग्रुपवर न टाकता आधी एकट्या चांगुणाबाईंना पाठवला, आणि खाली लिहिलं, "मावशी, रस्ता लिहिला. पोर अंगठा का पुसते ते मलाच माहीत नाही, म्हणून लिहिलेलं नाही. तुम्हाला कळतं का ते सांगा. नाही कळलं तरी सांगा."